फटफटीच्या बाजूने

आमच्या घरी दोन मोटारसायकली आहेत असं कळलं की मराठी पाहुणे कौतुक करतात. त्यातली दुसरी १९८३ सालची आहे असं कळलं की त्याच कौतुकाचं काळजीत रूपांतर होतं. "अरे, मग ते भंगार कशाला ठेवलंयस? विकून टाक की!" हे वाक्य मी या देशातल्या निदान पंधरा-वीस दिवाणखान्यांत, हातात पोह्यांची बशी असताना ऐकलेलं आहे. बोलणारी माणसं आपलीच, प्रेमाची. त्यांच्याशी वाद घालायचा तर पोहे गार होतात, म्हणून मी गप्प बसत आलो. यंदा संपादकांनी स्मरणिकेसाठी 'काहीतरी हलकंफुलकं' लिहून मागितलं आणि मला माझी संधी दिसली. लेख हलकाफुलका होईल याची हमी देत नाही. एक तर गाडीच दीडशे किलोच्या वर आहे, आणि दुसरं म्हणजे मला आज भांडायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याला मोटारसायकल चालवता येते आणि ज्याच्याकडे रोजच्या कामाला एक धड गाडी आहे, त्याने दुसरी घ्यायची तर जुनी, एका सिलिंडरची, किक मारून सुरू होणारी घ्यावी. आणि ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ती पाळायची नसेल तर या भानगडीत पडूच नका.

'दुसरी' या शब्दावरही माझा जोर आहे. माझी पहिली गाडी ट्रायम्फची स्पीड ४००. नाव हिंक्लीचं आणि जन्म आपल्या चाकणचा, बजाजच्या कारखान्यातला. तीही एकाच सिलिंडरची. पण फ्युएल इंजेक्शन, एबीएस, सगळं व्यवस्थित. दहा हजार मैलांनी सर्व्हिसिंग. पावसात, थंडीत, सोमवारी सकाळी साडेसहाला बटण दाबलं की ती सुरू होते, आणि मी क्लायंटकडे वेळेवर पोचतो. पहिल्या गाडीचं काम ते. जुन्या गाडीवर हे ओझं टाकणारे लोक मी पाहिलेत. दोन महिन्यांत ते गाडीवर चिडतात, सहाव्या महिन्यात ती विकतात आणि पुढे दहा वर्षं तिची बदनामी करत फिरतात. सासऱ्यांना वयाच्या ऐंशीव्या वर्षी नोकरीला लावायचं आणि मग ते दमतात म्हणून तक्रार करायची, तशातला हा प्रकार.

आता ही दुसरी. साडेतीनशे सीसीची बुलेट, मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात तयार होऊन थेट इंग्लंडला आलेली. इथले सोवळे लोक १९३० सालापर्यंतच्या गाडीलाच 'व्हिंटेज' म्हणतात. त्या हिशेबाने माझी गाडी व्हिंटेज नाही, हे त्यांनी कळवण्याआधी मीच मान्य करतो. पण तिचं इंजिन मुळात १९५०च्या दशकातलं. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, ताकद सुमारे १८ हॉर्सपॉवर. ताशी पंचेचाळीस-पन्नास मैलांवर ती खूष असते. मोटरवेवर नेली तर मागचे ट्रकवालेच आपली कीव करतात. अशा लांब धावेच्या इंजिनात प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. आपल्या भाषेने मोटारसायकलला 'फटफटी' हे नाव दिलं ते असल्याच इंजिनाच्या आवाजावरून. चार सिलिंडरच्या गाड्या आधी आल्या असत्या तर हा शब्द मराठीत जन्मालाच आला नसता.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. रॉयल एनफिल्डने 'बुलेट' हे नाव पहिल्यांदा लोकांपुढे आणलं तेही लंडनच्याच ऑलिंपिया प्रदर्शनात, १९३२च्या नोव्हेंबरात. कारखाना रेडिचचा, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. हे गाव एकेकाळी शिवणाच्या सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होतं, आणि एनफिल्डचं मूळही सुया करणाऱ्या एका कारखान्यातच आहे. १९५०च्या दशकात भारतीय सैन्याला या गाड्या हव्या होत्या. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. आधी इथून सुटे भाग जात, मग यंत्रसामग्रीच गेली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, १९७० साली इंग्लंडमधलं उत्पादनच संपलं, आणि १९७७ पासून मद्रासच्या बुलेट इंग्लंडमध्ये विकायला येऊ लागल्या. इथवर आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे आपल्यासारखीच की रे, इथे-तिथे दोन्हीकडची!" या वाक्याला टाळ्या मिळतात. पण गाडी त्यासाठी ठेवायची नसते. रूपकाला पेट्रोल लागत नाही, गाडीला लागतं.

म्हणूनच माझं पहिलं भांडण शत्रूपक्षाशी नाही, स्वपक्षाशी आहे. चाळिशी ओलांडलेला मराठी माणूस बुलेट घेतो तो बहुधा आठवणीपोटी. गावच्या पाटलांची बुलेट, फौजदाराची बुलेट, कॉलेजच्या कट्ट्यासमोरून धडधडत गेलेली कुणाची तरी बुलेट. घेतली की तिच्यावर क्रोम चढतं, टाकीवर सोनेरी रेघ येते, आणि गणपतीच्या मिरवणुकीत फेटा बांधून फोटो निघतो. उरलेले ३६४ दिवस ती गॅरेजमध्ये बुरख्याखाली. फेट्याला माझा विरोध नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट हाकणाऱ्या बायका पाहून मलाही आनंद होतो. पण गाडी हा वेष नव्हे. उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज चढतो, सील सुकतात, बॅटरी मरते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो. जी गाडी चालत नाही ती जपली जात नाही, ती हळूहळू मरत असते.

या बाबतीत दोन देशांचे कायदे शेजारी ठेवून बघा. इंग्लंडमध्ये गाडी चाळीस वर्षांची झाली की रोड टॅक्स माफ. २०१८च्या मे महिन्यापासून, मोठे बदल केलेले नसतील तर, दरवर्षीच्या एमओटीची सक्तीही नाही. लंडनच्या यूलेझमध्येही अशा गाडीला शुल्क नाही. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवायची जबाबदारी मात्र मालकाची. भारताने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम केला. नोंदणी नव्याने करायची तर वीस हजार रुपये, आणि गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कारणांसाठी. रोजच्या वापराला बंदी. जुन्या वस्तूला मखरात बसवायचं, ही आपली आवडती सवय इथे कायद्यात उतरली आहे. भाषेचंही आपण तेच करतो, हे बोलायला नको, पण बोलतो. वर्षातून एकदा पोराला झब्बा घालून, रोमन लिपीतली कविता पाठ करून स्टेजवर उभं करायचं आणि गाडीत बसल्याबरोबर त्याच्याशी इंग्रजी सुरू करायचं. मखर सुंदर आहे, पण इंजिन सुरू होत नाही.

आता शत्रूपक्षाचे आक्षेप. पहिला, प्रदूषण. हा खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. जुन्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. मैलामागे ते नव्या गाडीपेक्षा जास्त घाण सोडतं. म्हणून तर ही 'दुसरी' गाडी. तिच्यावरून रोज शहरात कामाला जाऊ नये, आणि मी जात नाही. वर्षाला हजारभर मैल, तेही बरेचसे आडवाटेने. चांगली चालणारी गाडी मोडीत घालून तिच्या जागी हौसेची नवी दुसरी गाडी आणली, तर ती नवी करायलाही पोलाद, ॲल्युमिनियम आणि वीज लागते. दर तीन वर्षांनी एसयूव्ही बदलणाऱ्या माणसाने माझ्या हजार मैलांवर प्रवचन देऊ नये.

दुसरा आक्षेप, जिवाचा. हा बहुधा आईकडून किंवा बायकोकडून येतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ड्रम ब्रेक आहेत, एबीएस नाही. शिवाय माझ्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. ट्रायम्फवर बरोबर उलट. त्यामुळे बुलेट काढली की पहिली दहा मिनिटं घरामागच्या रिकाम्या गल्लीत, पायांना आठवण होईपर्यंत. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट. एमओटीची सक्ती नसली तरी मी दरवर्षी ती करून घेतो, कारण सरकारने सूट दिली म्हणून ब्रेक आपोआप लागत नाहीत. ज्याला एवढी शिस्त जमणार नाही त्याच्या आईचं म्हणणं बरोबर आहे.

तिसरा आक्षेप, मंद. पन्नास मैलांची गाडी कसली! एका सिलिंडरची गाडी म्हणजे मंद, असं ज्यांना वाटतं त्यांच्या माहितीसाठी: १९६१ साली बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कंपनीची पाचशे सीसीची, एका सिलिंडरची व्हेनम पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या ट्रॅकवर सलग चोवीस तास धावली आणि तिची सरासरी ताशी शंभर मैलांच्या वर पडली. माझी बुलेट त्यातली नव्हे. पण घाईसाठी पहिली गाडी आहेच की!

चौथा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. पैशाचं उत्तर सोपं आहे. बुलेटचं हे जुनं इंजिन भारतात पन्नासहून अधिक वर्षं बनत राहिलं. त्यामुळे सुटे भाग इथे पोस्टाने घरी येतात, आणि पुण्याला गेलं की नाना पेठेत एक चक्कर मारली तर बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी क्लच केबल बसते. इथलं साधं पेट्रोल २०२१च्या सप्टेंबरपासून ई-१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून महाग असलेलं ई-५ भरतो. वर्षाला फरक पडतो तो दोन जणांच्या एका जेवणाएवढा.

राहिला वेळ. "रविवारची दुपार घालवतोस त्याच्यात!" इथे मात्र मी खरा भांडायला उभा राहतो. कारण प्रश्न वेळेचा नसतोच. हाच मित्र चार तास क्रिकेट बघतो, त्याला कुणी विचारत नाही. प्रश्न असतो काळ्या हातांचा.

लहानपणी आपल्यापैकी प्रत्येकाने एक धमकी ऐकलेली आहे. "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजमध्ये पाना घेऊन बसावं लागेल!" गणितात मार्क कमी पडले की गॅरेज. दांडी मारली की गॅरेज. गॅरेज म्हणजे नरकच जणू. आपण घाबरलो, अभ्यास केला, इंजिनिअर झालो. आय. सी. इंजिनच्या पेपरात ऑटो सायकलची आकृती काढून मार्क मिळवले, परदेशात येऊन मास्टर्स केलं. आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी स्पार्क प्लग काढून हातात धरलेला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो मिस्त्री होता, तो नुसत्या आवाजावरून टॅपेट सैल आहे की पॉइंट खराब आहेत ते सांगायचा. त्याच्यापाशी जे होतं त्याला आपण ज्ञान म्हटलं नाही. 'हातात कसब आहे' म्हटलं, आणि त्याला चहा वेगळ्या कपातून दिला.

हे आकाशातून पडलेलं नाही. लोखंडाचं काम एकाकडे, लाकडाचं दुसऱ्याकडे, चामड्याचं तिसऱ्याकडे, अशी हाताची कामं आपल्याकडे जातीजातींत वाटून दिली होती. आणि कामाबरोबर त्याचा कमीपणाही वाटून दिला होता. लिहिणारा हात वरचा, घडवणारा हात खालचा. आपण समुद्र ओलांडला, पण हे सामान कस्टममधून बिनबोभाट सोबत आलं. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. इथे तर लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहतो, गाडीच्या बॉनेटवर झेंडू ठेवतो. पान्याला नमस्कार चालतो. पाना धरणारा मात्र आपल्या घरातला नको. याला मी ढोंग म्हणतो. सौम्य शब्द शोधला, सापडला नाही.

इथल्या माणसांत दोष कमी नाहीत. पण आमच्या रस्त्यावरचे एक निवृत्त डॉक्टर बागेतल्या शेडमध्ये जुनी बीएसए उघडून बसतात, पलीकडच्या गल्लीतला पोस्टमन त्यांना मॅग्नेटो कसा बसवायचा ते शिकवतो, आणि दोघांनाही यात कुणी वर गेलं, कुणी खाली आलं असं वाटत नाही. हे आपल्याला घेण्यासारखं आहे.

आणि या कामात डोकं लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बंद पडलेली बुलेट सुरू करून दाखवावी. प्रश्न तीनच. ठिणगी आहे का, पेट्रोल येतंय का, दाब आहे का? प्लग काढा, हेडला टेकवा, किक मारा. निळी ठिणगी दिसते का बघा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये कचरा किंवा नळी तुंबलेली. ओला असेल आणि ठिणगी नसेल तर पॉइंटकडे वळा: तोंडं साफ करा, फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास आहे का मोजा. किकवर उभं राहिल्यावर ती वजन तोलत नसेल तर दाब नाही, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा रिंगा. टॅपेट लावायचे ते इंजिन गार असताना: पिस्टन दाबाच्या टोकाला आणून पुशरॉड चिमटीत धरायचा, तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. 'सहज' म्हणजे किती, ते कुठल्याही पुस्तकात लिहिता येत नाही. ते बोटांनाच कळतं.

मी पोटासाठी सिस्टिम दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात काही बिघडलं की पहिला सल्ला 'रीस्टार्ट करून बघा'. सुरू झालं तर का बंद पडलं होतं ते कुणी विचारत नाही. थरावर थर असतात आणि प्रत्येकाला आपल्यापुरताच थर माहीत. बुलेट या बाबतीत दयामाया दाखवत नाही. कारण सापडेपर्यंत ती सुरू होत नाही. किक मारायची तीही समजून. चावी लावायची, किक सावकाश दाबत ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत न्यायची, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, तरफ सोडायची आणि मग एकच पूर्ण, सरळ किक. नुसत्या ताकदीने मारणाऱ्याची पोटरी ती सुजवून ठेवते. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला फीलर गेज धरता येतो आणि पॉइंट लावता येतात. शाळेत तिला भौतिकशास्त्रात किती मार्क आहेत ते मी सांगणार नाही, कारण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की बिघडलेली वस्तू समोर आली की ती घाबरत नाही, आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाशी बोलताना तिचा आवाज बदलत नाही. शिवाय 'फट', 'पाना', 'पकड', 'कचरा', 'दाब' हे शब्द तिला मराठीतून येतात. ते तिने पाठ केले नाहीत, वापरले.

मोटारसायकल नको वाटत असेल तर शिवणयंत्र घ्या, जुना रेडिओ घ्या, भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ घ्या. पण उघडता येईल असं काहीतरी घरात असू द्या, आणि मुलांसमोर ते उघडा. नाहीतर पुढची पिढी सगळं विकत घेऊ शकेल आणि काहीच दुरुस्त करू शकणार नाही. त्यातून वर पुन्हा, जो दुरुस्त करतो त्याला ती खालचा समजेल.

कार्यकारिणीपुढे माझा एक प्रस्ताव आहे. उन्हाळी सहलीला आपण रस्सीखेच आणि संगीतखुर्ची ठेवतो. पुढच्या वर्षी त्याबरोबर एक टेबल मला द्या. मी बुलेट घेऊन येतो. प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, सगळं मुलांनी काढायचं, साफ करायचं, परत बसवायचं, आणि शेवटी ज्याची पहिली किक लागेल त्याला बक्षीस. पालकांनी मुलांना जुने कपडे घालून पाठवावं. हात धुवायचा साबण मी आणतो. मात्र 'हात काळे होतील' असं जो कुणी म्हणेल, त्याच्या हातात पहिला पाना मी देणार आहे.